नर्सबाईला शिकविणार कोण?



ह्या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, डॉक्टर बोलले. मी त्यांच्यापैकी कोणीच नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी मी एका सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, आणि पुढची तीसाहून अधिक वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, काम आटोपल्यावर रात्री वाचले. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे त्यांच्याशेजारी मी बसलो आहे आणि त्यांची गाऱ्हाणी माझ्या हाताने लिहून घेतली आहेत.

आरंभ आपल्या गिरडपासूनच करतो. शेख फरीदबाबांच्या टेकडीवर आपण सर्वच जाऊन आलो आहोत. तेथे सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोल खडे सापडतात, आणि त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. दोन व्यापारी मालाचे तांडे घेऊन चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड झाला. पुढे ते शरण आले, बाबांनी वाळल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि मग ते व्यापारी परत गेलेच नाहीत, तेथेच सेवेला राहिले. भूगर्भशास्त्रज्ञ त्या खड्यांचे कारण वेगळे सांगतील. मला मात्र ती कथा आजच्या विषयासाठी उपयोगी वाटते. माणूस एकदा शिकतो, शिकलेले गाठोड्यात बांधतो आणि वाटेला लागतो. वीस वर्षांनी गाठोडे सोडून पाहावे तो आकार तोच, रंगही जवळपास तोच, पण आतला माल दगड झालेला असतो. हे वकिलाचे होते, मास्तरांचे होते, माझ्यासारख्या कार्यकर्त्याचेही होते. परंतु नर्सबाईच्या गाठोड्यातला माल दगड झाला, तर त्याची किंमत बाळंतीण मोजते.

गिरडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि भोवतालच्या उपकेंद्रांत ज्या आरोग्यसेविका काम करतात, त्यांना नोकरीत लागल्यानंतर कोणी, केव्हा व कसे शिकवावयाचे, ह्या प्रश्नाला आपल्याकडे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो कोणी फारसा सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

प्रथम गिरणीतली एक गोष्ट. मी रिंग खात्यात लागलो तेव्हा मला कोणी वर्गात बसविले नाही. जॉबरने एका जुन्या कामगाराशेजारी उभे केले आणि तो निघून गेला. तुटलेला धागा चालत्या साच्यावर कसा जोडावा, हे त्या म्हाताऱ्याने मला तोंडाने फारसे सांगितले नाही. तो जोडी, मी पाही. मी जोडी, तो पाही. चुकले की तो माझा हात धरी. सहा महिन्यांनी मला वाटले की मला सर्व येते, तेव्हा साचे बदलले आणि त्या म्हाताऱ्यालाही पुन्हा शिकावे लागले. त्या दिवशी मला कळले की, कारागिराला दोन गोष्टी लागतात : शेजारी उभा राहणारा माणूस, आणि साचा बदलला की पुन्हा शिकण्याची सवड. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या खेड्यांत बाळंतपण सुईण करी. तिचे शिक्षण आईकडून किंवा सासूकडून होई. त्यात पुष्कळ शहाणपण होते आणि पुष्कळ घातकही होते. नाळ कापण्याचे हत्यार स्वच्छ नसल्यामुळे किती मुले धनुर्वाताने गेली, त्याची मोजदाद नाही. १८८५ साली डफरीन फंड स्थापन झाला व स्त्रियांसाठी स्त्रीवैद्यांची रुग्णालये निघू लागली. १९०३ साली देशी दायांना शिकविण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. हेतू चांगला होता. परंतु शिकविणारी मडम रुग्णालयात, आणि शिकणारी सुईण खेड्यात. शिकून ती घरी गेली की तिच्यामागे कोणी जात नसे.

१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्याच परंपरेतली ही आपली माला. त्यांच्या पश्चात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी बायका पाठविल्या. त्या काळी रुग्णसेवेचे काम उच्चवर्णीय घरांत हलके समजले जाई, आणि त्यासाठी विधवेने घराबाहेर पडणे म्हणजे तर मोठेच साहस. पती प्रौढांसाठी व्याख्याने सुरू करतात, पत्नी प्रौढ स्त्रियांना व्यवसायाचे शिक्षण देते. शाळेचे वय उलटले तरी माणसाचे शिक्षण चालूच राहिले पाहिजे, हा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

विदर्भातली गोष्ट आणखी जवळची आहे. कमलाताई होस्पेट लहानपणीच विधवा झालेल्या. नागपूरच्या डफरीन रुग्णालयात त्या परिचारिकेचे काम शिकल्या, आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्याबरोबर त्यांनी नागपुरात मातृसेवा संघ स्थापन केला. आरंभ अगदी लहान, चार-दोन खाटांचा. पुढे विदर्भात त्याच्या शाखा निघाल्या, आणि परिचारिका व सुईणींचे शिक्षणही संस्थेने हाती घेतले. ह्या दोन बायका डॉक्टर नव्हत्या, नर्स होत्या. आपल्याकडे नर्सला शिकविण्याचे काम डॉक्टरचे मानले जाते. पण विदर्भातली ही मोठी परंपरा नर्सनेच घालून दिली आहे. अनुभवी नर्स नव्या नर्सला हाताखाली घेते आणि खाटेशेजारी शिकविते, ही ती रीत होय.

आपल्या वर्धा जिल्ह्याचेही ह्यात ऋण आहे. कस्तुरबा १९४४ साली गेल्या, आणि लवकरच डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी त्यांच्या नावाचे रुग्णालय सुरू केले. १९६९ साली त्याच ठिकाणी महात्मा गांधींच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथील विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी खेड्यात मुक्कामाला नेतात, आणि गुरुजन बरोबर जातात. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला खेड्यात एकटे सोडू नये, हे सेवाग्रामला कळले. पण ज्या आरोग्यसेविकेला त्याच खेड्यात वर्षानुवर्षे एकटीने राहावयाचे, तिच्याबरोबर कोण जाते?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्यातले आकडे पाहून आजही माणूस सुन्न होतो. ३० कोटी लोकांच्या ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेल्या परिचारिका सुमारे ७,०००, सुईणी सुमारे ५,००० आणि घरोघर जाऊन आरोग्याची माहिती देणाऱ्या हेल्थ व्हिजिटर अवघ्या ७५०. म्हणजे चार लाख लोकांमागे एक. १९५१ साली पंजाबातील तरनतारन येथे साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा, म्हणजे ए.एन.एम.चा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९५२ च्या गांधीजयंतीला समूह विकास योजनेचा आरंभ झाला आणि तिच्या मागोमाग प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि गावची नर्सबाई जिल्हा परिषदेची नोकर झाली.

ह्या रचनेत एक जागा फार विचाराने ठेवलेली होती. ती म्हणजे ए.एन.एम.च्या वरची हेल्थ व्हिजिटर. तिचे शिक्षण अधिक, अनुभव अधिक. तिने उपकेंद्रावर जावे, ए.एन.एम.बरोबर घरभेटी द्याव्यात, अवघड बाळंतपणात शेजारी उभे राहावे, चुकले तर हात धरावा, अशी अपेक्षा होती. गिरणीत माझ्याशेजारी जो म्हातारा उभा होता, त्याची ही बहीणच म्हणा.

मग ही जागा गेली कोठे? जागा आज कागदोपत्री आहे, पगारही मिळतो. तिचे काम मात्र बदलले. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सुचविले की, हिवतापाचा, देवीचा, कुटुंबनियोजनाचा, माता-बालसंगोपनाचा असे वेगवेगळे कर्मचारी असण्यापेक्षा एकाच कर्मचाऱ्याने ही सर्व कामे पाहावीत. ए.एन.एम. झाली बहुउद्देशीय आरोग्यसेविका, आणि हेल्थ व्हिजिटर झाली आरोग्य सहायिका. सूचना मुळात चुकीची होती, असे मी म्हणणार नाही. एका घरी चार माणसांनी चार कामांसाठी जावे ह्यात शहाणपण नाही. परंतु कामे वाढली त्याच सुमारास, १९७७ साली, ए.एन.एम.चा अभ्यासक्रम चोवीस महिन्यांवरून अठरा महिन्यांवर आणला गेला. विषय वाढले आणि काळ कमी झाला. गिरणीच्या भाषेत सांगावयाचे तर एका कामगाराला चार साचे दिले आणि उमेदवारीचे सहा महिने कापले. तो अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला, पण मधल्या तीसाहून अधिक वर्षांत एक सबंध पिढी अठरा महिन्यांच्या शिदोरीवर खेड्यांत गेली.

सहायिकेचे काय झाले? सहा उपकेंद्रांमागे एक सहायिका, असे सरकारी मान ठरले. ह्याच काळात उद्दिष्टांचे युग आले होते. नसबंदीचे उद्दिष्ट, तांबीचे उद्दिष्ट, लसीचे उद्दिष्ट. सहायिका उपकेंद्रावर आली की पहिला प्रश्न 'रजिस्टर कोठे आहे?' असा असे. आकडे भरले का, अहवाल गेला का, उद्दिष्ट किती बाकी? ती बाई वाईट नव्हती. तिच्या वरच्या साहेबाचा तोच प्रश्न तिला होता. शिकविणारी ताई तपासणारी ताई झाली. तपासणाऱ्यासमोर कोणी 'मला येत नाही' असे म्हणत नाही. आणि 'मला येत नाही' हे वाक्य जेथे उच्चारता येत नाही, तेथे शिक्षण थांबते.

दरम्यान साचे बदलतच होते. पूर्वी काचेची पिचकारी व सुई उकळून वापरीत. आता एकदा वापरून निकामी होणारी पिचकारी आली. पूर्वी हगवणीच्या मुलाचे पाणी तोडीत. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचविले, आणि उलट शिकवण घरोघर न्यावी लागली. पुढे त्या पाण्याच्या जोडीला चौदा दिवस जस्ताची गोळी आली. पूर्वी नाळ लगेच कापावी असे शिकवीत. आता एक ते तीन मिनिटे थांबा असे सांगतात. पूर्वी वार पडण्याची वाट पाहत; आता मूल जन्मताच मिनिटभरात गर्भाशय आवळणारे इंजेक्शन द्यावयाचे, आणि ते इंजेक्शन थंड जागी ठेवावयाचे. ह्यांतली प्रत्येक गोष्ट जीव वाचविणारी आहे, आणि जुने शिक्षण अंगवळणी पडलेल्या हाताला प्रत्येक गोष्ट नव्याने शिकावी लागते.

आता माझ्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. गाव आणि कचेरी सांगत नाही. त्यांची नावे घेऊन काही साधणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक आरोग्यसेविका 'कारणे दाखवा' नोटीस घेऊन संघटनेच्या कचेरीत आली. पावसाळ्यातल्या रात्री उपकेंद्रावर बाळंतपण झाले, मूल नीट जन्मले, पण आईचे रक्त थांबेना. ह्या बाईने तिच्या शिक्षणात सांगितले होते त्याप्रमाणे वार पडण्याची वाट पाहिली. मग गाडीची धावपळ झाली. बाळंतीण मोठ्या रुग्णालयात पोचली व वाचली, हे देवाचे देणे. नोटिशीत लिहिले होते की, सदर कर्मचाऱ्याने आपले ज्ञान अद्ययावत ठेवले नाही.

आम्ही कागद काढले. नव्या प्रशिक्षणाच्या यादीत तिचे नाव दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा कापले गेले होते, कारण तिच्या जागी पाठवावयास दुसरी नर्स नव्हती. आम्ही तेवढा एकच मुद्दा धरला आणि नोटीस मागे घ्यावयास लावली. मी विजयाने तिला फोन केला. ती म्हणाली, "भाऊ, नोटीस गेली, तुमचे उपकार झाले. पण उद्या पुन्हा तशीच बाई आली, तर मी काय करायचं, हे मला कोण दाखवणार?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी संघटनेच्या मागण्यांची जुनी निवेदने काढून बसलो. वेतनश्रेणी होती, बदल्या होत्या, प्रवासभत्ता होता, निवासाची दुरुस्ती होती. सर्व मागण्या रास्त होत्या. पण आमच्या बायकांना शिकण्याची सवड द्या, त्यांच्याबरोबर एक जाणती नर्स द्या, ही मागणी एकाही निवेदनात नव्हती. साहेबांवर ठपका ठेवणे सोपे. हा ठपका मी माझ्यावरच ठेवतो.

आणि मार्ग नव्हता असेही नाही. उदाहरणे महाराष्ट्रातच होती. पहिले वर्ध्याचेच घ्या. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान येथे निघाले. डॉ. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सेवाग्रामच्या परिसरात घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार अशी पद्धत बसविली गेली. ती चालविणारे पाय डॉक्टरांचे नव्हते. शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांचे होते. पुढे एकट्या डॅप्सोनचे दिवस गेले, आणि १९८१ साली बहुविध औषधोपचार सबंध जिल्ह्यात नेण्यासाठी देशात प्रथम जे जिल्हे निवडले गेले, त्यांत वर्धा होता. ज्या हातांनी एका गोळीची सवय केली होती, त्याच हातांना नवी पद्धत शिकून घ्यावी लागली. साचा बदलला म्हणून जुना कामगार मोडीत काढावा लागत नाही, ह्याचा दाखला घरचाच आहे.

दुसरे उदाहरण जामखेडचे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम सुरू केले. त्यांच्या ग्राम-आरोग्य कार्यकर्त्या बहुतेक निरक्षर. पण त्या दर आठवड्याला जामखेडला जमत, गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगत, आणि त्यावरूनच पुढचा धडा होई. शिवाय नर्ससह एक पथक गावी येई. चूक सांगितली तर शिक्षा होत नसे, तिचाच धडा होई.

तिसरे गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. दर पंधरवड्यास एक डॉक्टर गावी जाऊन आरोग्यदूताचे काम पाही, चूक सुधारी व पुढचे शिकवी. ह्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ही पद्धत 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्यात आली. वाखाणणी होते ती औषधाची व वजनकाट्याची. मला त्या पंधरवड्याच्या फेरीचे मोल अधिक वाटते.

चौथे उदाहरण आम्हां कामगारांचे. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला होते. संघटनेने कामगार निवडावा, मालकाने त्याला पगारी सोडावे, त्याने शिकून 'कामगार शिक्षक' व्हावे, आणि पुन्हा आपल्या साच्यावर परत येऊन सोबत्यांना शिकवावे, अशी ती योजना. तीत शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ मानला होता, आणि शिकविणारा आपल्यातलाच होता. हीच दोन तत्त्वे नर्सबाईंना लागू का करू नयेत?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हटले तर अन्याय होईल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आले, तेव्हापासून कुशल प्रसूतिसेवेचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण ए.एन.एम.ना दिले जाऊ लागले, आणि त्यात रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाला स्थान आहे. भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या शिक्षणाचा नियम घातला. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी येऊ लागले. त्यांतल्या पुष्कळ जणी परिचारिका आहेत. २०२३ साली परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संसदेने केला. पण १५० तास भरावयाचे म्हणून रविवारी, पदरचे पैसे भरून, शहरातल्या सभागृहात व्याख्यान ऐकावयाचे, चहा घ्यावयाचा आणि प्रमाणपत्र घेऊन परतावयाचे, हे शिक्षण नव्हे. रक्त न थांबणारी बाळंतीण सभागृहात येत नाही. ती रात्री दोन वाजता उपकेंद्रावर येते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. आरोग्य सहायिकेच्या हातातले रजिस्टर थोडे हलके करा आणि तिला पुन्हा शिकविणारी करा. प्रत्येक तालुक्यात कामात मुरलेल्या दोन-चार नर्स निवडा, त्यांना पगारी रजेवर मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात पाठवा, आणि मग त्यांनी महिन्यातून एक दिवस प्रत्येक उपकेंद्रावर घालवावा, तपासणीसाठी नव्हे, सोबतीसाठी. तिच्याजवळ बोललेली चूक नोटिशीत जाता कामा नये. आणि शिकावयास गेलेल्या बाईच्या जागी बदली नर्स द्या; गिरणीतसुद्धा बदलीशिवाय साचा सोडू देत नाहीत. आता आमच्या निवेदनात ही मागणी वेतनाच्या शेजारी, पहिल्या पानावर असते.

शहरवासी श्रोत्यांना वाटेल की, ह्यात आमचे काय? आपल्या ग्रामसभेत व रुग्ण कल्याण समितीत औषधे आहेत का, इमारत गळते का, हे आपण विचारतो. ते विचाराच. पण एक प्रश्न आणखी विचारा : आमच्या नर्सबाईला गेल्या वर्षी कोणी, काय शिकविले? हा प्रश्न दर वर्षी विचारला गेला, तर उत्तर द्यावे लागेल.

आमच्याकडे आलेली ती आरोग्यसेविका पुढे प्रशिक्षणाला गेली. आमच्या भांडणामुळेच गेली, असा दावा मी करीत नाही. काही वर्षांनी ती भेटली, तेव्हा तिच्याबरोबर एक नुकतीच लागलेली मुलगी होती. मी विचारले, "ही कोण?" ती म्हणाली, "शेजारच्या उपकेंद्राची. एकटी घाबरते, म्हणून मी सुटीच्या दिवशी तिच्याकडे जाते." सुटीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने, कोणाच्या आदेशाशिवाय. कमलाताई होस्पेटांची परंपरा अशी अजून जिवंत आहे, आणि ती एका बाईच्या सुटीच्या दिवसावर उभी आहे. तो दिवस कामाचा दिवस म्हणून मोजला जावा, एवढीच माझी मागणी आहे.